पॉडकास्ट सुचवताना मालिकेचं नाव नको, एक भाग द्या

"एखादा चांगला पॉडकास्ट सांग ना" असं कुणी म्हटलं की आपण उत्साहात पाच-सहा नावं सांगून मोकळे होतो. समोरचा "नक्की ऐकतो" म्हणतो आणि त्यातलं एकही ऐकत नाही. दर वेळी यात त्याचा आळस असतो असं नाही. मालिकेचं नाव ॲपमध्ये टाकलं की त्याच्यापुढे शेकडो भागांची यादी उघडते. सर्वांत वर असतो तो ताजा भाग, आणि तो नेमका बेताचा निघतो. किंवा सूत्रसंचालक आपसांत हसत असतात आणि ते कशावर हसतायत हे नव्या माणसाला कळत नाही. दहा मिनिटांत तो बाहेर पडतो आणि ती मालिका त्याच्यापुरती कायमची बाद होते.

पुस्तक कुठून सुरू करायचं हे सांगावं लागत नाही. पॉडकास्टचं मात्र सांगावं लागतं. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या कार्यक्रमाचा पहिला भाग अनेकदा सर्वांत कच्चा असतो आणि शेवटचा भाग जुन्या श्रोत्यांसाठी असतो. म्हणून मालिकेऐवजी एक भाग निवडून द्यावा, आणि तो त्या एका माणसासाठी निवडलेला असावा. भाग आवडला तर मालिका तो स्वतःच शोधून काढेल. हे कसं करायचं ते क्रमाने बघू.

पायरी १: आवड नंतर विचारा, आधी वेळ विचारा

"तुला कशात रस आहे?" याच्याही आधी "तू कधी ऐकणार?" हे विचारा. पॉडकास्ट बहुतेक वेळा दुसरं काहीतरी करता करता ऐकला जातो, आणि ते दुसरं काम कोणतं यावर अर्धी निवड ठरते.

भांडी घासताना नळाचा आवाज असतो, लक्ष मधूनमधून सुटतं. अशा वेळी एकाच माणसाने सरळ सांगितलेली गोष्ट टिकते, चार जणांची चर्चा वाहून जाते. चालायला जाणाऱ्याचे कान मोकळे असतात, त्याला गुंतागुंतीचंही चालतं. गाडी चालवणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, म्हणून नावं आणि सनावळ्यांनी ठासून भरलेला भाग त्याच्या गळ्यात मारू नका. झोपताना ऐकणाऱ्याचं गणित तर उलटंच: भाग संपायच्या आत त्याला झोप लागायला हवी. 'स्लीप विथ मी' हा पॉडकास्ट २०१३ पासून नेमकं हेच करतो. ड्रू ॲकरमन मुद्दाम रेंगाळत, फाटे फोडत, कुठेच न पोचणाऱ्या गोष्टी सांगत राहतो. जाग्या माणसाला तो असह्य होईल, पण जाग्या माणसासाठी तो नाहीच.

हेडफोन की स्पीकर, आणि आसपास लहान मुलं असतात का, हेही विचारून घ्या. शिवराळ भाषा किंवा खुनाचं वर्णन सगळ्यांसमोर मोठ्याने वाजलं की सुचवणाऱ्याचाच उद्धार होतो.

पायरी २: त्या विषयाकडून त्याला काय हवंय ते ओळखा

"मला इतिहास आवडतो" असं पाच जण म्हणतील आणि पाचही जणांना वेगळं काहीतरी हवं असेल. इतिहासाचंच उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण या विषयात पॉडकास्टची श्रीमंती सर्वांत जास्त आहे.

एकाला हवी असते गोष्ट, तीही भारून टाकणारी. त्याला डॅन कार्लिनचा 'हार्डकोर हिस्टरी' द्या. कार्लिन स्वतःला इतिहासकार म्हणवत नाही, पण सांगायला बसला की चार-चार तास खिळवून ठेवतो. जपानच्या युद्धकाळावरची 'सुपरनोव्हा इन द ईस्ट' ही त्याची सहा भागांची मालिका आहे. तिच्या पहिल्या भागात हिरू ओनोडा भेटतो: महायुद्ध संपलं हे न मानता १९७४ पर्यंत फिलिपिन्सच्या जंगलात लढत राहिलेला सैनिक. भाग चार तासांहून मोठा आहे हे मात्र आधीच सांगा, नाहीतर माणूस आकडा बघूनच घाबरेल. लांबच्या प्रवासाला निघालेल्यासाठी उत्तम.

दुसऱ्याला गोष्टीपेक्षा समज हवी असते. त्याच्यासाठी बीबीसी रेडिओ ४ चा 'इन अवर टाइम'. १९९८ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत चालवला. पद्धत साधी: एक विषय, तीन अभ्यासक, सुमारे पाऊण तास. ब्रॅग पाहुण्यांना पाल्हाळ लावू देत नसत, कधी कधी तर उद्धट वाटावं इतकं मध्येच तोडत, आणि म्हणूनच तो पाऊण तास घट्ट विणलेला राहायचा. सुचवायला याहून सोपा पॉडकास्ट नाही, कारण प्रत्येक भाग स्वतंत्र आहे आणि संग्रहात हजाराहून अधिक भाग आहेत. समोरच्याचं अगदी बारीकसं वेड कोणतं ते विचारा, संग्रहात ते शोधा आणि तोच भाग पाठवा.

तिसऱ्याला रोज थोडं थोडं, क्रमाने पुढे जायचं असतं. अशा माणसाला माइक डंकनचा 'द हिस्टरी ऑफ रोम' द्यावा. तो २००७ ते २०१२ असा चालला, एकूण १७९ भाग. "एकच भाग द्या" या नियमाला इथे अपवाद आहे, सुरुवात पहिल्यापासूनच करायला हवी. सुरुवातीच्या भागांचं ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे, आवाज सपाट आहे. "थोडं निभावून ने, पुढे सुधारतं" एवढं एक वाक्य सोबत गेलं की माणूस टिकतो.

चौथ्याकडे वेळच नसतो. २०१० मध्ये बीबीसीने ब्रिटिश म्युझियमसोबत शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगणारी मालिका केली. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर दर वेळी एक वस्तू घेतात आणि पंधरा मिनिटांत संपवतात. तेरावा भाग सिंधू संस्कृतीतल्या मुद्रेवर आहे, तिथून आत शिरणं आपल्याला सोपं जातं. वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि तरी दिसते, ही रेडिओची जुनी करामत इथे ऐकायला मिळते.

पाचव्याला खरं तर सोबत हवी असते, इतिहास हे निमित्त. टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक यांचा 'द रेस्ट इज हिस्टरी' म्हणजे दोन मित्रांच्या गप्पा, चेष्टामस्करीसह. विल्यम डॅलरिम्पल आणि अनिता आनंद यांचा 'एम्पायर' त्याच जातीचा. २०२२ मध्ये तो भारतातल्या कंपनी सरकारच्या कहाणीपासून सुरू झाला, आणि आपल्या श्रोत्यानेही तिथूनच सुरू करावं. याहून लांब गप्पा हव्या असतील तर अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' आहे. २०१७ मध्ये तो छोटेखानी होता, पुढे पाच-पाच तासांच्या मुलाखतींपर्यंत गेला. अशा कार्यक्रमात विषय बघून भाग निवडू नये, पाहुणा बघून निवडावा.

बाकी कुठल्याही आवडीला हीच चाळणी लावता येते: गोष्ट, समज, सवय, झटपट काहीतरी, की सोबत?

पायरी ३: आवडीप्रमाणे दार निवडा

*विज्ञान.* 'रेडिओलॅब'चा रंगांवरचा २०१२ चा भाग, 'कलर्स'. निरनिराळ्या प्राण्यांना किती रंग दिसतात हे त्यात गायकवृंदाकडून गाऊन दाखवलं आहे. कुत्र्यासाठी मोजके स्वर, माणसासाठी थोडे जास्त, आणि मँटिस श्रिंप या समुद्री जीवाची पाळी आली की सगळा वृंद एकदम उसळतो. रंगासारखी डोळ्यांची गोष्ट कानांनी कशी समजावायची याचा हा वस्तुपाठ आहे. हेडफोनशिवाय देऊ नका. ज्याला आरोग्याच्या दाव्यांची शहानिशा करायची आहे त्याला वेंडी झुकरमनचा 'सायन्स व्हर्सेस' द्या. त्यांच्या भागांच्या संहितेत दाव्यांचे संदर्भ दिलेले असतात. एरवी आरोग्य आणि गुंतवणूक या दोन विषयांत मी सल्ला देणारे पॉडकास्ट कुणालाच पाठवत नाही. मायक्रोफोन चांगला असला की माणूस जाणकार वाटतो, आणि जाहिरात करणाराही त्याच आवाजात बोलत असतो.

*रचना, इमारती, शहरं.* रोमन मार्सचा '९९% इनव्हिजिबल', २०१० पासूनचा. 'स्ट्रक्चरल इंटेग्रिटी' हा भाग द्या. न्यूयॉर्कमधल्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीची ही हकीकत आहे. कथेचा गाभा इथे सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. अभियंता असो वा नसो, या भागाला नाही म्हणणारा माणूस विरळा.

*पैसा आणि अर्थकारण.* 'धिस अमेरिकन लाइफ' या कार्यक्रमात २००८ मध्ये 'द जायंट पूल ऑफ मनी' हा भाग झाला. कर्ज फेडू न शकणाऱ्यांना घरासाठी कर्जं कशी मिळत गेली, हे त्यात साखळीतल्या प्रत्येक माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं. त्याच वर्षी त्यातून 'प्लॅनेट मनी' हा स्वतंत्र पॉडकास्ट निघाला. पुढे २०१३ मध्ये या मंडळींनी चक्क एक टी-शर्ट बनवायला घेतला: कापूस मिसिसिपीतला, शिवण बांगलादेश आणि कोलंबियातलं. जागतिक व्यापारावर कुणाला पाठ्यपुस्तक वाचायचं नसेल, तर ही टी-शर्टची मालिका पुरते. आकड्यांवर संशय घेण्याची खोड असलेल्यांसाठी टिम हारफर्डचा 'मोअर ऑर लेस' आहे. बातम्यांमधले आकडे खरे की फुगवलेले, एवढंच तो तपासतो.

*संगीत.* ऋषिकेश हिरवेने २०१४ मध्ये सुरू केलेला 'साँग एक्सप्लोडर'. संगीतकार स्वतःचं एक गाणं सुटं करून दाखवतो: आधी नुसता ढोल, मग बास, मग मागचा आवाज, आणि शेवटी पूर्ण गाणं. हिरवे स्वतःचे प्रश्न कापून टाकतो, त्यामुळे ऐकताना संगीतकार थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. श्रोत्याच्या आवडीचा कलाकार यादीत आहे का ते बघा, नसला तरी चालेल. मूळ गाणं आधी न ऐकलेलं असेल तर शेवटी ते जास्तच अंगावर येतं. बाकी संगीताचे पॉडकास्ट त्या मानाने कमी आहेत, कारण गाण्याचे हक्क मिळवणं महागात पडतं. बीबीसीच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'मध्येही डाउनलोड करायच्या आवृत्तीत गाण्यांचे तुकडे आखूड असतात.

*गुन्हे आणि न्याय.* मागणी सर्वांत जास्त इथेच, आणि जपूनही इथेच राहावं लागतं. सारा केनिगचा 'सीरियल' २०१४ मध्ये आला. १९९९ मध्ये बाल्टिमोर भागात झालेल्या हे मिन ली या शाळकरी मुलीच्या खुनाची ती उलटतपासणी होती, बारा भागांची, आणि तिने अख्खं माध्यम लोकांपर्यंत नेलं. क्रमाने ऐकायचा हा आणखी एक पॉडकास्ट. पाठवताना एक गोष्ट जोडा: प्रकरण तिथे संपलेलं नाही. या खुनासाठी शिक्षा झालेल्या अदनान सय्यदची दोषसिद्धी २०२२ मध्ये रद्द झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा कायम ठरली. कहाणीच्या ओघात आपण तर्क लढवत बसतो, पण त्या मुलीचं कुटुंब खरं आहे. मला विचाराल तर या प्रकारात 'इन द डार्क'चा दुसरा हंगाम जास्त मोलाचा. कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला. पत्रकारांनी पुराव्याचा एकेक धागा उसवला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षा उलटवली आणि २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. खुनाचे तपशील चघळण्यापेक्षा व्यवस्था कुठे चुकते हे बघायचं असेल तर हा द्या.

*साहित्य आणि तत्त्वज्ञान.* 'द न्यूयॉर्कर: फिक्शन'मध्ये एक लेखक मासिकाच्या जुन्या अंकांतली दुसऱ्या लेखकाची कथा निवडतो, वाचतो आणि संपादक डेबोरा ट्रीझमन यांच्याशी तिच्यावर बोलतो. लिहिणाऱ्या माणसाला हा द्याच. तत्त्वज्ञानात पीटर ॲडमसन यांनी २०१० मध्ये "एकही फट न ठेवता" तत्त्वज्ञानाचा इतिहास सांगायला घेतला. त्यात जोनार्डन गणेरी यांच्यासोबत केलेली भारतीय तत्त्वज्ञानाची वेगळी मालिकाही आहे. छोटे भाग, कोरडा विनोद आणि शाब्दिक कोट्या. कोट्या सोसणारा माणूस हवा.

*तंत्रज्ञान.* 'डार्कनेट डायरीज', भाग २९, 'स्टक्सनेट': इराणच्या अणुकार्यक्रमावर सोडलेल्या संगणकी विषाणूची गोष्ट. संगणकातलं काही न कळणाऱ्यालाही चालतो.

*मुलं.* व्हरमाँटच्या सार्वजनिक रेडिओचा 'बट व्हाय' मुलांनीच ध्वनिमुद्रित करून पाठवलेल्या प्रश्नांवर चालतो. 'ब्रेन्स ऑन'मध्ये दर भागात एक मूल सहसूत्रसंचालक असतं आणि एक अनोळखी आवाज ओळखायचा खेळ असतो. त्या खेळासाठी मोठेही थांबतात.

*इंग्रजी कानावर बसवायचं असेल तर.* बीबीसीचा '६ मिनिट इंग्लिश'. सुरुवातीला एक प्रश्न, शेवटी उत्तर, मध्ये काही नवे शब्द, सहा मिनिटांत मोकळे. इंग्रजी समजतं पण पॉडकास्टचा वेग झेपत नाही अशा माणसाला वर सांगितलेलं काहीही देण्याआधी काही दिवस हा द्यावा.

*मराठीतच हवं असेल तर.* मराठीत गप्पांच्या पॉडकास्टचा जोर आहे: 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक', 'व्हायफळ'. बरेच जण ते यूट्यूबवर बघतात, त्यामुळे "ऐकायला" असं सांगितलं तर पडदा बंद करूनही चालतं हे स्पष्ट करा. इथे कार्यक्रमाच्या नावाला फारसा अर्थ नसतो, पाहुणा कोण यावर सगळं अवलंबून. समोरच्याला ज्या क्षेत्राबद्दल कुतूहल आहे त्या क्षेत्रातला पाहुणा शोधा. जगातल्या घडामोडी थोडक्यात समजून घ्यायच्या असतील तर बीबीसी मराठीचे 'गोष्ट दुनियेची' आणि 'सोपी गोष्ट' आहेत. बातम्यांवरचे भाग लवकर शिळे होतात, म्हणून ते पाठवताना तारीख बघा.

पायरी ४: सोबत दोन-तीन ओळी लिहा

नुसती लिंक पाठवणं म्हणजे न पाठवल्यासारखंच. ओळींमध्ये चार गोष्टी याव्यात: हा तुलाच का, किती वेळाचा, आधी काय माहीत असावं आणि कुठे कंटाळा येऊ शकतो. उदाहरणार्थ:

"काका, तुम्हाला पूल-इमारतींची आवड म्हणून हा भाग पाठवतोय. अर्ध्या तासाच्या आतला आहे. न्यूयॉर्कमधली एक गगनचुंबी इमारत बांधून झाल्यावर तिच्यात काहीतरी गडबड असल्याचं लक्षात येतं, पुढचं सांगत नाही. सुरुवातीची जाहिरात पुढे सरकवा."

किंवा: "अगं, हा मुलीच्या खुनाबद्दल आहे, रात्री एकटी असताना नको लावूस. पण तपासातल्या त्रुटी ज्या पद्धतीने उलगडल्यात ते तुला वकील म्हणून आवडेल."

"अप्रतिम", "आयुष्य बदलेल" असले शब्द टाळा. त्याने अपेक्षा फुगते आणि बरा भागही पडतो. कंटाळ्याची पूर्वसूचना मात्र नक्की द्या.

पायरी ५: पाठवण्यातल्या खाचाखोचा

पॉडकास्टचा पाया खुला आहे: कार्यक्रम आपली भागांची यादी जाहीर करतो आणि कुठलंही ॲप ती वाचू शकतं. म्हणून बहुतेक भाग सगळ्या ॲपवर सापडतात. पण तुमच्या ॲपची लिंक समोरच्याकडे ते ॲप नसेल तर खाते उघडायला सांगत बसते. ज्येष्ठांना तर कार्यक्रमाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची लिंक द्यावी, तिथे बटण दाबलं की वाजतं. 'धिस अमेरिकन लाइफ'चा जुना संग्रह असाच संकेतस्थळावर ऐकता येतो. उलट काही कार्यक्रम जुने भाग मोफत यादीतून काढून विकायला ठेवतात, 'हार्डकोर हिस्टरी' हे त्याचं ठळक उदाहरण. पाठवण्याआधी भाग अजून मोफत आहे का ते तपासा.

"बाराव्या मिनिटापासून ऐक" असं सांगायचा मोह होतो. सांभाळून. अनेक कार्यक्रमांत जाहिराती श्रोत्याप्रमाणे, जागेप्रमाणे, दिवसाप्रमाणे बदलून घुसवल्या जातात, त्यामुळे तुमचं बारावं मिनिट त्याचं चौदावं असू शकतं. "ती बाई पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलते तिथून" अशी खूण जास्त भरवशाची.

उच्चार अवघड जाणाऱ्यांसाठी संहिता कुठे मिळेल ते सांगा. ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये २०२४ पासून इंग्रजीसह काही भाषांत आपोआप तयार होणारी संहिता दिसते, आणि मोठे कार्यक्रम ती संकेतस्थळावरही ठेवतात. वेग वाढवून ऐकण्याची सवय असलेल्यांना 'रेडिओलॅब' आणि 'साँग एक्सप्लोडर'पुरती ती बाजूला ठेवायला सांगा. तिथे शांततेची लांबीही कुणीतरी मोजून ठेवलेली असते.

पायरी ६: मग गप्प बसा

"ऐकलास का?" हे दुसऱ्याच दिवशी विचारू नका. आठवडाभराने, तेही "कुठे सोडलास?" असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं. पहिल्या पाच मिनिटांत सोडला असेल तर आवाज किंवा उच्चार नडला. पुढचा भाग वेगळ्या निवेदकाचा द्या, विषय तोच ठेवा. अर्ध्यात सोडला तर लांबी नडली. पूर्ण ऐकला पण पुढचा लावला नाही, तर भाग आवडला, मालिका नाही. हेही चांगलंच, आता दुसऱ्या मालिकेतला भाग शोधा. आणि त्याने स्वतःहून पुढचे तीन ऐकले असतील तर तुमचं काम झालं, आता त्याला काही पाठवू नका.

यासाठी स्वतःची एक यादी हवी. चांगला भाग ऐकून झाला की फोनमधल्या टिपणात तीन गोष्टी लगेच लिहा: भागाचं नाव, लांबी आणि तो कुणाला द्यावासा वाटला. विषयवार वर्गवारीपेक्षा माणसांच्या नावांची यादी जास्त कामाला येते. वर्षभरात एखाद्या भागापुढे कुणाचंच नाव आलं नाही, तर तो यादीतून खोडून टाका.